खाजगी शाळेतून काढून टाकलंय? शाळा न्यायाधिकरणात अपील कसं करायचं

दरवर्षी एप्रिल-मे आला की तेच सुरू होतं, कुणाला "जूनपासून येऊ नका" असा निरोप, कुणाला मस्टरवर सही करू देत नाहीत, आणि शिक्षक बिचारे शिक्षणाधिकारी कार्यालयात अर्जावर अर्ज देत बसतात. तिथे अर्ज द्यायला हरकत नाही पण त्याने अपिलाची मुदत थांबत नाही, आणि मुदत आहे फक्त ३० दिवसांची. कामावरून काढल्याची दाद मागायची जागा म्हणजे शाळा न्यायाधिकरण, ज्याला सगळे स्कूल ट्रिब्युनल म्हणतात. कायदा महाराष्ट्राचा स्वतःचा आहे, १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, आणि त्याखालची १९८१ ची नियमावली. सगळे एमईपीएस म्हणतात तो हाच.

कुणाला लागू? संस्थेने चालवलेल्या मान्यताप्राप्त शाळेतल्या सगळ्यांना, प्राथमिक, माध्यमिक, ज्युनियर कॉलेज, आणि शिक्षकच नाही तर क्लार्क, शिपाई, लॅब असिस्टंट पण. "आमची विनाअनुदानित आहे, आम्हाला कायदा लागू नाही" असं संस्थाचालक बिनधास्त सांगतात, ते चूक आहे, कलम ३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की अनुदान असो वा नसो, कायदा लागू. झेडपी आणि पालिकेच्या शाळा मात्र यात येत नाहीत. अल्पसंख्याक संस्थांच्या मुख्याध्यापकांसाठी नियम थोडे वेगळे आहेत, तेवढं वकिलाला विचारून घ्या.

आता तुमची नेमणूक कोणत्या प्रकारची ते बघा, कारण केस त्यावरच उभी राहते. कायम रिक्त पदावर, पात्रता असताना नेमलं असेल तर आधी दोन वर्षं प्रोबेशन (शिक्षणसेवक असाल तर तीन वर्षं), ते पूर्ण झालं की कायम. प्रोबेशनमध्ये काम समाधानकारक नाही म्हणून एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार देऊन काढता येतं, पण कायम माणसाला गैरवर्तनाच्या आरोपावरून काढायचं तर रीतसर चौकशी लागते. आरोपांचं पत्र द्यायचं, तुमचा खुलासा घ्यायचा, मग तीन जणांची समिती, एक संस्थेचा, एक तुम्ही निवडलेला खाजगी शाळेतला कर्मचारी आणि एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला शिक्षक. तुमचा माणूस न घेताच समिती बसवली असेल तर तो अपिलातला फार मोठा मुद्दा असतो. चौकशी चालू असेल तर रागाने गैरहजर राहू नका, एकतर्फी अहवाल तयार होतो आणि मग पुढे तोच तुमच्यासमोर नाचवतात.

आणि राजीनामा! कोऱ्या कागदावर किंवा तारीख न टाकलेल्या राजीनाम्यावर सही करून घेणं अजून बऱ्याच ठिकाणी चालतं, नेमणुकीच्या वेळीच घेऊन ठेवतात. कलम ७ प्रमाणे राजीनामा दोन प्रतींत, सही आणि तारीख टाकून, एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेला आणि एक स्वतःकडे, अशी पद्धत आहे. जबरदस्तीने सही घेतली असेल तर त्याच दिवशी नोंदणीसह स्पीड पोस्टाने (रजिस्टर पोस्टाची वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली) लेखी कळवा की हा राजीनामा माझा नाही. उद्यावर ढकलू नका.

लेखी आदेश मिळाला असेल तर मिळाल्या तारखेपासून ३० दिवस मोजा, पाकीट जपून ठेवा. तोंडी काढलं असेल तरी अपील होतं, फक्त काढलं हे दाखवावं लागतं, म्हणून मस्टरवर सही करू दिली नाही त्याच दिवशी मुख्याध्यापक, संस्था आणि शिक्षणाधिकारी तिघांना नोंदणीसह स्पीड पोस्टाने पत्र टाका. मुदत गेलीच असेल तर अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज लावता येतो पण त्याला सबळ कारण लागतं, "संस्था परत घेईल असं वाटलं" एवढ्यावर भागेलच असं नाही.

कागदपत्रं: नेमणूक आदेश, रुजू झाल्याचा रिपोर्ट, शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता असेल तर ती, डिग्री आणि व्यावसायिक पात्रतेची सर्टिफिकेटं, पगारपत्रकं किंवा बँक पासबुक, सेवाज्येष्ठता यादी, टाइमटेबल, नोटिसा, काढल्याचा आदेश, आणि तुम्ही पाठवलेल्या पत्रांच्या पोस्टाच्या पावत्या. जाहिरातीचं कात्रण असेल तर सोन्यासारखं जपा, कारण नेमणूक नियमाने झाली का हा प्रश्न ट्रिब्युनल आधी बघतं. मान्यता नव्हती एवढ्यावरून खचून जाऊ नका, फक्त त्या कारणाने केस संपत नाही. एखादा कागद संस्थेकडेच असेल तर तो हजर करायला लावा असा अर्ज देता येतो.

मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, अमरावती, नागपूर अशा ठिकाणी ट्रिब्युनल आहेत, तुमचा जिल्हा कुठे जोडलाय ते जिल्हा कोर्टात विचारा. संस्था आणि मुख्याध्यापक प्रतिवादी, शिक्षणाधिकाऱ्यांनाही पार्टी करतात. काढल्याच्या आदेशाला स्थगिती हवी असेल तर वेगळा अर्ज त्याच दिवशी लावा.

अपिलात एक वाक्य विसरू नका, काढल्यापासून मी कुठेही पगारी काम करत नाही. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने क्रांती ज्युनियर अध्यापक महाविद्यालयाच्या प्रकरणात, याच कायद्याखालच्या केसमध्ये, सांगितलं की बेकायदेशीर काढलं असेल तर मागच्या पगारासह परत घेणं हा सर्वसाधारण नियम, आणि कर्मचाऱ्याने हे वाक्य मांडलं की तो दुसरीकडे कमावत होता हे सिद्ध करायचं काम संस्थेचं. त्या केसमधल्या शिक्षिकेने शाळेच्या इमारतीच्या वाढीव करासाठी महिन्याला १५०० रुपये द्यायला नकार दिला होता, तिथून सगळं सुरू झालं.

निकाल बाजूने लागला तर परत नोकरी, मागचा पगार, किंवा शिक्षा कमी. परत घेणं योग्य नाही असं ट्रिब्युनलला वाटलं तर भरपाई, दहा वर्षं किंवा जास्त नोकरी असेल तर बारा महिन्यांचा पगार, कमी असेल तर सहा महिन्यांचा. संस्था पैसे देत नसेल आणि शाळा अनुदानित असेल तर ती रक्कम अनुदानातून कापून थेट तुम्हाला द्यावी अशी शिफारस ट्रिब्युनल सरकारला करू शकतं, ही मागणी अपिलातच लिहून ठेवा. विनाअनुदानित शाळेने आदेश पाळला नाही तर कलम १३ खाली शिक्षेची तरतूद आहे, तिचा आधार घ्या.