एचिगो-त्सुमारी कला त्रैवार्षिकी

एचिगो-त्सुमारी कला त्रैवार्षिकी : जपानच्या नीगाता प्रांतात, तोकामाची शहर व त्सुनान या लगतच्या गावाच्या हद्दीत साधारण दर तीन वर्षांनी भरणारे समकालीन कलेचे प्रदर्शन. जपानी नाव ‘दाइची नो गेइजुत्सुसाइ’, म्हणजे ‘भूमीचा कलोत्सव’. पहिले आवर्तन २००० च्या उन्हाळ्यात झाले. कलाकृती एका दालनात न मांडता सु. ७६० चौ. किमी. प्रदेशातील भातखाचरे, ओस पडलेली घरे, बंद शाळा आणि नदीकाठ यांवर विखरून ठेवल्या जातात. त्यांपैकी बऱ्याचशा मोसम संपताच उतरवल्या जातात. खेड्यापाड्यांतील रोजच्या वापराच्या जागेत तात्पुरती कला नेण्याच्या प्रयोगांत हे उदाहरण सर्वाधिक अभ्यासले गेले आहे.

नाव व प्रदेश : एचिगो हे आजच्या नीगाता प्रांताच्या मुख्य भूमीचे जुने नाव. ‘त्सुमारी’ हे शिनानो नदीच्या या खोऱ्यातील मध्ययुगीन जहागिरीचे नाव असून ते ‘पत्नी’ आणि ‘असणे’ या अर्थांच्या दोन चित्रलिपी-चिन्हांनी लिहितात. ही चिन्हे केवळ उच्चारासाठी घेतलेली असावीत. त्यांवरून अर्थ काढण्यात हशील नाही. स्थानिक समजूत अशी, की शब्दाचे मूळ ‘त्सुमारु’ (अडणे, तुंबणे) या क्रियापदात आहे आणि त्सुमारी म्हणजे जिथे वाट संपते ती जागा. महोत्सवाचे संचालक हीच व्युत्पत्ती सांगतात. ती भाषिकदृष्ट्या अशक्य नाही, पण डोंगरांनी कोंडलेल्या मुलखाला फार चपखल बसणाऱ्या व्युत्पत्तीकडे थोडे सावधपणे पाहिलेले बरे.

येथे हिवाळ्यात तीन ते चार मीटर बर्फ साठते. मनुष्यवस्तीच्या इतक्या दाट प्रदेशात एवढा हिमवर्षाव जगात क्वचितच आढळतो. नदीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या काठांवर व डोंगरउतारांवर भातशेती आहे. तोकामाचीचे रेशमी विणकाम प्रसिद्ध आहे. येथील सासायामा स्थळी सापडलेली जोमोन (प्रागैतिहासिक) काळातील ज्वालाकृती मडकी १९९९ मध्ये राष्ट्रीय ठेवा ठरली. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण पिढी शहरांकडे गेली आणि खेडी म्हातारी होत गेली.

उगम : उपक्रमाच्या आरंभाचे वर्ष वेगवेगळे दिले जाते. काही नोंदी १९९४ धरतात, कारण त्या वर्षी नीगाता प्रांताने विभागवार विकासाची नवी योजना आखली. काही १९९६ धरतात. तेव्हा तोकामाची, कावानिशी, नाकासातो, मात्सुदाई, मात्सुनोयामा व त्सुनान या सहा स्थानिक संस्थांना कलेने जोडणाऱ्या ‘कला-हार’ योजनेला आकार आला. पहिले प्रदर्शन १९९९ मध्ये ठरले होते, ते एक वर्ष पुढे गेले. (त्सुनान वगळता उरलेल्या पाच संस्था २००५ मध्ये एका तोकामाची शहरात विलीन झाल्या, त्यामुळे जुन्या नोंदींतील गावांची नावे आजच्या नकाशाशी जुळत नाहीत.)

याहून महत्त्वाचा प्रश्न कल्पनेच्या उगमाचा आहे. एका मतानुसार ही युद्धोत्तर जपानी नवकलेचीच पुढची पायरी होय. गुताई या नवकलावादी कलाकारांच्या गटाने १९५५ मध्ये जपानमधील आशिया (Ashiya) या शहरी पाइनच्या राईत उघड्यावर प्रदर्शन मांडले होते. पुढे १९८४ पासून उशिमादो येथे आणि १९८८ पासून यामानाशी प्रांतातील हाकुश्यू येथे ग्रामीण कलामेळे भरू लागले. या मताचा सर्वांत लक्षवेधी पुरावा खुद्द तोकामाचीतला आहे. नागाओका येथे १९६७ मध्ये स्थापन झालेल्या ‘गुन’ या गटाने फेब्रुवारी १९७० मध्ये शिनानो नदीच्या बर्फाच्छादित पात्रावर शेतातील औषधफवारणीच्या पंपांनी रंग उडवले आणि बर्फाची पांढरी प्रतिमाच बदलण्याचा घाट घातला. ते रंग पुढच्या बर्फाखाली गेले. उरली ती छायाचित्रे. याच गटातील मिचिओ होरिकावा यांनी १९६९ मध्ये, अपोलो-११ चंद्रावर उतरले त्या सुमारास, शिनानोच्या पात्रातील दगड गोळा करून टपालाने पाठवले होते. जागा तीच, साधन शेतीचे, काम क्षणभंगुर : साम्य डोळ्यांत भरणारे आहे. तरीही गुनच्या प्रयोगापासून २००० च्या महोत्सवापर्यंत अखंड धागा दाखवणे अवघड आहे. गुनच्या रंगफवारणीला गावाच्या संमतीची गरज पडली नव्हती. त्रैवार्षिकीचा सारा डोलारा त्या संमतीवर उभा आहे.

दुसरे मत प्रशासकीय उगमाचे. लहान स्थानिक संस्थांनी एकत्र यावे यासाठी प्रांताला एखादे समाईक काम हवे होते आणि कला हे त्याचे निमित्त ठरले. निधी व वेळापत्रक यांपुरते हे मत पुराव्याला धरून आहे. कार्यपद्धतीचे मूळ मात्र संचालक फ्राम कितागावा (जन्म १९४६, नीगाता प्रांत) यांच्या आधीच्या कामात शोधणे अधिक सयुक्तिक दिसते. त्यांनी १९८८ ते १९९० या काळात वर्णभेदविरोधी आंतरराष्ट्रीय चित्रप्रदर्शन जपानभर १९४ ठिकाणी फिरवले आणि जागोजागी स्थानिक लोकांच्या साहाय्याने ते मांडले. १९९४ मध्ये तोक्योजवळील ताचिकावा येथे ३६ देशांच्या ९२ कलाकारांची १०९ कामे त्यांनी पदपथ, वायुवीजनाच्या खिडक्या, वाहनतळ अशा जागी बसवली. एचिगो-त्सुमारीत या दोन्ही अनुभवांचा मेळ बसलेला दिसतो.

संमती : सुरुवातीचा विरोध तीव्र होता. स्थानिक लोकप्रतिनिधी जवळजवळ एकमुखाने विरोधात होते. रस्ते आणि बर्फ हटवण्याची यंत्रे सोडून परक्या कलाकारांवर पैसा का घालवायचा, हा त्यांचा सवाल होता आणि तो गैरलागू म्हणता येत नाही. कितागावा यांच्या सांगण्यानुसार चार-साडेचार वर्षांत दोन हजारांहून अधिक बैठका झाल्या. २००० मध्ये केवळ २८ वाड्या सहभागी झाल्या. २०१२ पर्यंत ही संख्या शंभरावर गेली. पहिल्या आवर्तनाला सु. १ लाख ६३ हजार, तर २०१८ मध्ये सु. ५ लाख ४८ हजार भेटी नोंदल्या गेल्या. मोजणीची रीत सर्व आवर्तनांत तंतोतंत सारखी नसावी, म्हणून हे आकडे तुलनेसाठी जपून वापरावेत.

कलाकाराला दुसऱ्याच्या जमिनीवर काम करावे लागते, हे येथील मूळ सूत्र. इल्या व एमिलिया काबाकोव्ह या दांपत्याने मात्सुदाई येथील पायरीशेतीत नांगरणी, पेरणी, लावणी, कापणी व बाजार अशी भातशेतीची कामे करणाऱ्या माणसांच्या सपाट रंगीत आकृती उभ्या केल्या. समोरच्या सज्जातून पाहिले, की तेथे टांगलेल्या कवितेच्या ओळी त्या आकृतींवर बसतात. खाचरांच्या वृद्ध मालकाने आधी नकार दिला होता. ते शेती सोडण्याच्या विचारात होते. काम उभे राहिल्यावर त्यांनी आणखी काही वर्षे तेथे भात पिकवला. युकिहिसा इसोबे यांनी २००० मध्ये शिनानोचे जुने, आता शेताखाली गेलेले वळणदार पात्र शेकडो पिवळ्या काठ्या रोवून सु. ३.५ किमी. लांबीपर्यंत दाखवून दिले. धरणांनी व बांधकामांनी नदी कशी हलली, ते गावकऱ्यांना काही आठवडे आपल्याच शेतात उभे राहून पाहता आले. नंतर काठ्या निघाल्या.

टिकणे व न टिकणे : तात्पुरतेपण हा येथे केवळ कलाकाराच्या भूमिकेचा भाग नाही. उघड्यावरचे काम पहिल्या बर्फाआधी उतरवावे लागते किंवा फळ्यांनी झाकून घ्यावे लागते, घराभोवती दर हिवाळ्यात ‘युकिगाकोई’ करतात तसे. छतावर मीटर-दोन मीटर बर्फ चढते. ते खाली ओढले नाही तर रिकामे घर एक-दोन हिवाळ्यांत कोसळते. म्हणून एखादे काम राहणार की जाणार, हे त्याचे बर्फ कोण काढणार यावर ठरते. वाडीने जबाबदारी घेतली तर काम राहते. अशी सु. दोनशे कामे राहिली आहेत आणि त्यांतली काही मोसमाबाहेरही पाहता येतात. मारिना आब्रामोविच यांचे ‘स्वप्नगृह’ व जेम्स टरेल यांचे ‘प्रकाशगृह’ (दोन्ही २०००) यांत लोक रात्री मुक्काम करतात.

२३ ऑक्टोबर २००४ च्या चुएत्सु भूकंपाने अनेक घरे मोडकळीस आली. महोत्सवाचे ‘कोहेबी-ताई’ (छोट्या सापांचे पथक) हे स्वयंसेवक मदतकार्यात उतरले आणि २००६ पासून रिकाम्या घरांचा प्रकल्प पुढे आला. निहोन विद्यापीठाचे विद्यार्थी व जुनइची कुराकाके यांनी ‘कात टाकणारे घर’ या कामात जुन्या घराच्या भिंती, तुळया व जमीन छिन्नीने इंच इंच कोरून काढली. क्रिस्तियाँ बोल्टान्स्की व जाँ काल्मान यांनी २००६ मध्येच एका बंद शाळेत ‘शेवटचा वर्ग’ मांडला. तो राहिला आहे.

टीका : समीक्षक नाओया फुजिता यांनी २०१४ मध्ये ‘प्रादेशिक कला’ या एकूण प्रवाहावर लिहिताना, कलेची टोचणी बोथट होऊन ती गाव-उभारणीच्या सरकारी कार्यक्रमाची हस्तक बनते, असा आक्षेप घेतला. समर्थक टिकलेल्या वाड्या व परतणारे पाहुणे दाखवतात. लोकसंख्येची घट महोत्सवामुळे थांबलेली नाही, हे दोन्ही पक्षांना मान्य व्हावे. आर्थिक बाजूवरचे बरेचसे लेखन आयोजकांच्याच अहवालांवर विसंबून आहे. करोना साथीमुळे २०२१ चे आवर्तन २०२२ मध्ये झाले. नववे २०२४ मध्ये पार पडले. कितागावा यांच्याच संचालनाखाली २०१० पासून सेतोउची बेटांवर आणि २०१७ मध्ये नोतो द्वीपकल्पाच्या टोकावरील सुझू येथे अशीच प्रदर्शने सुरू झाली.

महाराष्ट्राशी संबंध : तोकामाचीच्या ओइके भागात, बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत, तोकिओ हासेगावा यांनी १९८२ मध्ये भारतीय लोकचित्रांचे मिथिला संग्रहालय स्थापन केले. म्हणजे त्रैवार्षिकीच्या अठरा वर्षे आधी याच खोऱ्यात एक रिकामी शाळा कलेची जागा झाली होती. महोत्सवाच्या उगमाच्या चर्चेत तिचा उल्लेख फारसा येत नाही, हे नवल आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे (१९३४–२०१८) यांनी येथे राहून चित्रे काढली. उलट दिशेने, जपानी कलाकारांच्या पुढाकाराने बिहारमधील सुजाता गावी २०१० मध्ये सुरू झालेला शाळेच्या भिंती रंगवण्याचा उत्सव २०१३ च्या सुमारास डहाणू तालुक्यातील गंजाड येथे आला. वारली लग्नात सवाशिणी कुडावर गेरू सारवून तांदळाच्या पिठाने काढतात तो देवचौक लग्नापुरताच असतो. पुढे भिंत पुन्हा सारवली, की तो जातो. संग्रहालयातील म्हशे यांची चित्रे मात्र जतन केलेली आहेत.