आफ्रिकन स्वाइन फीवर: मेलेल्या डुकराची भरपाई मिळत नाही, खबर आधी द्या

इंदूर, महू, सांवेर, देपालपूर या भागात दहा-वीस डुकरं पाळणारे आपले लोक नेहमी एकच विचारतात: रोग आला तर सरकार पैसे देतं म्हणतात, त्याचा फॉर्म कुठे मिळतो? फॉर्म शोधत बसू नका. ही भरपाई खबर देण्यापासून सुरू होते, आणि बहुतेकांचं तिथेच बिनसतं.

या रोगावर औषध नाही आणि आपल्याकडे लसही नाही. तो माणसाला होत नाही, पण डुकरांचा शेडच्या शेड रिकामा करतो. तपासणीत रोग पक्का झाला की त्या जागेपासून 1 किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं सरकारी पथक मारून पुरतं, तर 10 किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. पैसे मिळतात ते पथकाने मारलेल्या डुकरांचे. रोगाने आधीच मेलेल्यांचे नाहीत. म्हणजे वीसपैकी चौदा मेल्यावर तुम्ही दवाखान्यात गेलात, तर भरपाई उरलेल्या सहांचीच. लोकांना हे मेलेली डुकरं पुरून झाल्यावर कळतं, आणि मग फार वाईट वाटतं. 2022 च्या ऑगस्टमध्ये आपल्याच मध्य प्रदेशात रीव्याला हा रोग आला, तेव्हा दोन हजारांवर डुकरं गेली.

म्हणून एखादं डुक्कर खाईना, अंग तापलं, कान-पोट लाल-जांभळं दिसायला लागलं, की त्याच दिवशी जवळच्या पशु चिकित्सालयात सांगा किंवा 1962 या पशु हेल्पलाइनवर फोन करा. तोंडी सांगून परत येऊ नका. साध्या कागदावर दोन ओळी लिहा: किती डुकरं आहेत, किती आजारी, कधीपासून. एक प्रत द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. कुणी म्हणेल, “साहेब दौऱ्यावर आहेत, उद्या या.” पोच मात्र आजचीच मागा. 2009 च्या पशुरोग कायद्यात खबर देणं मालकावर बंधनकारकच आहे. शहराच्या हद्दीतले लोक महापालिका डुकरं उचलून नेईल म्हणून गप्प बसतात. ती भीती समजते, पण रोग लपला तर डुकरंही जातात आणि पैसेही.

मेलेलं डुक्कर नाल्यात टाकू नका, नमुना घेण्याआधी पुरूही नका. आजारी डुक्कर कमी भावात विकून मोकळं होण्याचा मोह फार होतो. त्यातूनच रोग पुढच्या वस्तीत जातो. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थानात जातात. अहवाल येईपर्यंत डुकरं हलवायची नाहीत.

आता पंचनामा. सगळी भरपाई या कागदावर ठरते, म्हणून पथक येईल तेव्हा घरचं जाणतं माणूस हजर हवंच. दर वजनावर आहेत: 15 किलोपर्यंत 2,200 रुपये, 15 ते 40 किलोला 5,800, 40 ते 70 ला 8,400, 70 ते 100 ला 12,000. अडतीस किलो लिहिलं की बेचाळीस, यात एका डुकरामागे 2,600 रुपयांचा फरक पडतो. अंदाजाने आकडा टाकत असतील तर काटा मागा. पिल्लंही मोजून घ्या, ती हमखास सुटतात. आकडे वाचून मगच सही किंवा अंगठा द्या, आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या, निदान मोबाइलवर फोटो काढा.

मालकीचा पुरावा सहसा कुणाकडेच नसतो. घरच्या डुकरिणीची पिल्लं, त्यांची पावती कुठून आणणार? कानात टॅग असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर क्लासिकल स्वाइन फीवरची लस टोचून घ्या (तो रोग वेगळा, त्याची लस आहे) आणि तुमचं नाव व डुकरांची संख्या असलेली चिठ्ठी मागून ठेवा. सरपंच किंवा नगरसेवकाचा दाखला रोग येण्याआधीचा असेल तर वजन पडतं.

बाकी कागद नेहमीचेच: आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक), बँक पासबुक. अडतं ते नावात. आपल्या आडनावातला ‘ळ’ समग्रमध्ये ‘ल’ होतो, आधारवर इंग्रजीत तिसरंच काही असतं. तिन्हीकडे नाव एकसारखं आजच करून घ्या, आणि खातं आधारशी जोडलंय का ते बँकेत विचारा. बंद पडलेल्या खात्यामुळे मंजूर पैसे परत जातात.

भरपाईतला अर्धा वाटा केंद्राचा, अर्धा राज्याचा, त्यामुळे पैसे उशिरा येतात. गरीब माणसाचं घर त्या महिन्यात कसं चालावं, याचा विचार कुठल्याच कागदावर नसतो. रेंगाळलं तर जिल्ह्याच्या पशुपालन उपसंचालक कार्यालयात लेखी अर्ज द्या, नाहीतर 181 या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. दोन्हीकडे खबर दिल्याची ती पोच आणि पंचनाम्याची प्रत लागेल.