समुद्र नसलेला फिलिपाईन्स : कॉर्डिलेराच्या डोंगरात काय आहे

फिलिपाईन्स म्हटलं की बेटं आणि बीच एवढंच डोळ्यासमोर येतं, पण सात हजारांवर बेटं असलेल्या या देशात एक प्रशासकीय विभाग असा आहे ज्याला किनाराच नाही. ल्यूझॉन बेटाच्या उत्तरेतला कॉर्डिलेरा, पूर्ण नाव 'कॉर्डिलेरा प्रशासकीय विभाग'. अब्रा, अपायाओ, बेंगेट, इफुगाओ, कलिंगा, माउंटन प्रॉव्हिन्स हे सहा प्रांत आणि बागिओ शहर, एवढं सगळं धरून २०२० च्या जनगणनेत लोक किती, तर १७,९७,६६०. त्यातले साडेतीन लाखांवर एकट्या बागिओत, जे अमेरिकन लोकांनी उन्हाळ्यात थंड हवा खायला वसवलं, आपल्याकडे ब्रिटिशांनी महाबळेश्वर वसवलं अगदी तसंच, आणि गंमत म्हणजे स्ट्रॉबेरी पण दोन्हीकडे. अमेरिकन नगररचनाकार डॅनियल बर्नहॅमने प्लॅन केला होता २५ हजार लोकांसाठी, आता जे व्हायचं ते ट्रॅफिक होतं. पाऊस म्हणाल तर जुलै १९११ च्या वादळात इथे २४ तासांत १,१६८ मिलिमीटर पडला होता!

पण खरी भारी गोष्ट आहे इफुगाओची भातखाचरं. १९९५ मध्ये युनेस्कोच्या यादीत यातले पाच समूह आले, बाताद, बांगान, मायोयाओ, हुंगदुआन आणि नागाकादान. (जुन्या हजार पेसोच्या नोटेवर जे बानावे गावच्या खाचरांचं दृश्य होतं ते या पाचात नाहीच, टुरिस्ट मात्र तिथेच फोटो काढून परत जातात.) डोंगराच्या माथ्यावर 'मुयोंग' म्हणजे घराण्याने पिढ्यानपिढ्या सांभाळलेलं जंगल, ते पावसाचं पाणी धरून ठेवतं, मग झरे, पाट, आणि वरच्या खाचरातून खालच्या खाचरात असं पाणी पार नदीपर्यंत उतरत जातं, कुठेही पंप नाही. वरचं जंगल तोडलं की खालची खाचरं वाळणार, इतकं सरळ गणित आहे. भात वर्षातून एकदाच होतो, त्याला 'तिनावोन' म्हणतात. पेरणी-कापणीला बायका 'हुदहुद' गातात, त्यालाही युनेस्कोची मान्यता आहे.

आता खाचरांचं वय. शाळेच्या पुस्तकांपासून टुरिस्ट बोर्डांपर्यंत सगळीकडे दोन हजार वर्षं लिहिलेलं असतं, आणि हा आकडा आला कुठून तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकन मानववंश अभ्यासकांच्या अंदाजातून, की एवढे बांध रचायला एवढी वर्षं तर लागलीच असणार. पुरातत्त्वज्ञ स्टीफन अकाबादो यांच्या टीमने जुन्या कियांगन गावात उत्खनन करून कार्बन डेटिंग केलं तर वेगळंच निघालं. गाव जुनं आहे, पण आधी तिथे लोक अळूचे कंद पिकवायचे, पाण्यातला भात आला तो स्पॅनिश लोक ल्यूझॉनमध्ये घुसल्यानंतर, म्हणजे साधारण ४०० वर्षांच्या आतबाहेर. त्यांचं म्हणणं असं की मागात खोऱ्यातून लोक वर डोंगरात सरकले आणि झपाट्याने खाचरं बांधली, कारण भात म्हणजे साठा, साठा म्हणजे मेजवान्या, एकजूट आणि लढायची ताकद. काही लोकांना वय कमी झालं याचं वाईट वाटतं, मला तर उलट हे जास्त जबरदस्त वाटतं, दोन हजार वर्षं निवांत रचत बसण्यापेक्षा काही पिढ्यांत शत्रूच्या नाकावर टिच्चून डोंगर कोरणं!

अर्थात आज त्रास आहेच. १९८० च्या दशकात खाण्यासाठी म्हणून आणलेल्या सोनेरी गोगलगायी कोवळी रोपं फस्त करतात, पोरं शहरात जातात, बांध ढासळले की चढवायला माणूस नाही. २००१ मध्ये युनेस्कोने 'धोक्यात' यादीत टाकलं होतं, २०१२ मध्ये काढलं.

कॉर्डिलेरातले लोक पाण्यासाठी भांडलेत पण जोरात. इथल्या चिको नदीवर तेव्हाचे हुकूमशहा फर्डिनांड मार्कोस यांच्या सरकारला धरणं बांधायची होती, कलिंगा आणि बोंतोक गावं बुडणार होती. विरोधाचे पुढारी माक्लि-इंग दुलाग यांना २४ एप्रिल १९८० ला सैनिकांनी गोळ्या घातल्या, पण धरणं झाली नाहीत, आणि तो दिवस आता कॉर्डिलेरा दिन म्हणून पाळतात.

नावातला 'प्रशासकीय' शब्द खरं तर तात्पुरता होता. १९८७ मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो यांनी हा विभाग केला तो पुढे स्वायत्तता द्यायची म्हणून. १९९० ला मतदान झालं, फक्त इफुगाओ हो म्हणाला, आणि एकट्या प्रांताचा स्वायत्त प्रदेश होत नाही असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं. १९९८ ला परत मतदान, यावेळी फक्त अपायाओ हो म्हणाला. तेव्हापासून विभाग आहे तसाच.