दोन महिने बंद ठेवलेलं दार

२८ सप्टेंबर २०१५ रोजी सकाळी दहा वाजता श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३० हे रॉकेट झेपावलं आणि १५१५ किलो वजनाची अ‍ॅस्ट्रोसॅट ही भारताची पहिली अवकाश वेधशाळा ६५० किलोमीटर उंचीवरच्या कक्षेत पोहोचली. तिच्यातल्या अतिनील दुर्बिणीचं दार मात्र बंदच होतं. ते उघडलं थेट ३० नोव्हेंबरला. बिघाड काहीच नव्हता, सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. हे दोन महिने कशासाठी, हेच मला या दुर्बिणीच्या गोष्टीत सर्वांत सांगावंसं वाटतं.

दुर्बीण वर न्यायची कारण आपलं वातावरण. ओझोनचा थर ताऱ्यांकडून येणारा बहुतेक अतिनील प्रकाश वरच अडवतो, आणि क्ष-किरण तर हवाच गिळून टाकते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्यासाठी अनेक वर्षं हैदराबादहून मोठमोठे फुगे सोडले. पण फुगा साधारण ४० किलोमीटरपर्यंत जातो, आणि अतिनील किंवा कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांसाठी ती उंचीही पुरत नाही.

अ‍ॅस्ट्रोसॅटवरची अतिनील दुर्बीण म्हणजे खरं तर दोन जुळ्या दुर्बिणी. प्रत्येकीचा मुख्य आरसा सुमारे ३७.५ सेंटिमीटरचा. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे श्याम टंडन या कामाच्या अग्रभागी होते, आणि बंगळुरूजवळ होसकोटे इथे भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या आवारात तिची जुळणी झाली. शत्रू होता चिकटपणा.

स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटवर वर्षभरात जो तेलकट थर बसतो तो आठवा. फोडणीची वाफ डोळ्यांना दिसेनाशी होते, पण थंड काचेवर जाऊन बसते. उपग्रहातही तसंच घडतं. नव्या गाडीत बसल्यावर येणारा वास हा प्लास्टिक आणि गोंदातून सुटणाऱ्या वाफांचा असतो. निर्वात पोकळीत गोंद, रंग, तारांवरची आवरणं अशा वाफा आणखी जोमाने सोडतात. त्या आरशावर बसल्या तर साध्या प्रकाशाला फारसा फरक पडत नाही, पण अतिनील प्रकाश मात्र अगदी पातळ, न दिसणाऱ्या थरातही शोषला जातो. वर अतिनील किरणांनीच तो थर भाजून निघतो आणि आरशाला कायमचा चिकटतो. तिथे जाऊन आरसा पुसणार कोण?

म्हणून क्लीन रूममध्ये डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसं काम करतात. वापरायचे पदार्थ पारखून घेतले जातात. दुर्बिणीच्या नळीतून शुद्ध नायट्रोजन वाहता ठेवतात, म्हणजे बाहेरची हवा आत शिरत नाही. हलवून पाहण्याच्या आणि निर्वात कक्षात तापवून-थंड करून पाहण्याच्या चाचण्या सगळ्याच उपग्रहांना द्याव्या लागतात, तशा हिलाही होत्या. पण स्वच्छतेचं व्रत उड्डाणानंतरही सुटलं नाही. उपग्रहाने आपल्या अंगातल्या वाफा आधी अवकाशात सोडून द्याव्यात, मग झाकण काढावं, असा तो हिशेब होता. उघडलेलं दार पुढे वाया जात नाही, तेच सूर्याच्या प्रकाशाला आडोसा देतं. शिवाय उपग्रह ज्या दिशेने धावतो तिकडे दुर्बिणीचं तोंड करायचं नाही, असाही दंडक आहे. त्या उंचीवरचे ऑक्सिजनचे सुटे अणू आरशावर आदळून त्याचं नुकसान करू शकतात.

शेजारची क्ष-किरण दुर्बीण कुलाब्याच्या टाटा संस्थेत तयार झाली. क्ष-किरण आरशावर सरळ पडले तर परत फिरत नाहीत. तळ्यावर चपटा दगड तिरका फेकून भाकऱ्या काढतात ना, तसे ते अगदी तिरके आले तरच उसळतात. म्हणून सोन्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियमचे ३२० पातळ पत्रे एकात एक बसवून हा आरसा केला आहे.

आता फोटो काढायचा म्हणजे काय, तेही पाहू. उपग्रह कितीही सांभाळला तरी थोडा डुलतोच. अतिनील दुर्बीण एकच लांबलचक फोटो न घेता सेकंदाला सुमारे २९ चौकटी टिपते आणि एकेक प्रकाशकण कुठे पडला याची नोंद ठेवते. दृश्य प्रकाशातल्या ताऱ्यांवरून उपग्रह कधी किती हलला ते कळतं, आणि प्रत्येक कण नंतर जमिनीवर, संगणकात, आपल्या जागी नेऊन ठेवला जातो. मला ही युक्ती फार देखणी वाटते. डुलणं थांबवता येत नसेल तर ते नीट मोजून घ्यायचं.

दार उघडल्यावर पहिल्यांदा पाहिला तो एनजीसी १८८ हा तारकागुच्छ. तो आकाशाच्या उत्तर ध्रुवाजवळ असल्याने वर्षभर केव्हाही पाहता येतो. तेच तारे पुन्हा पुन्हा पाहिले की आरशाची नजर मंदावते आहे का, ते समजतं. दुर्बीण तीन वाहिन्यांतून पाहते: दोन अतिनील प्रकाशाच्या, एक दृश्य प्रकाशाची. मार्च २०१८ मध्ये त्यांपैकी एक, दृश्य प्रकाशाला जवळच्या अतिनील प्रकाशाची, बंद पडली आणि ती वर जाऊन दुरुस्त करणं शक्य नव्हतं. बाकीचं काम चालू राहिलं.

त्याआधी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, या दुर्बिणीने आकाशाचा एकच तुकडा २८ तासांहून अधिक न्याहाळला होता. आयुकाचे डॉ. कनक साहा आणि त्यांचे सहकारी त्या नोंदी पुढे जवळजवळ दोन वर्षं तपासत राहिले. हबल या अवकाश दुर्बिणीला न दिसलेला अतिनील उजेड त्यांना तिथे सापडला, ९३० कोटी प्रकाशवर्षं दूरच्या एका दीर्घिकेतून निघालेला. २०२० मध्ये त्यांनी तो शोध जाहीर केला.