पाहुणा कलाकार (विनोदी मालिकांतील)

दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकेत एखाद्या भागापुरता येऊन जाणारा नट. घरातली मंडळी ठरलेल्या स्वभावाची असतात, त्यामुळे नवा घोळ बाहेरूनच आणावा लागतो. तो आणतो वसुलीवाला, घरमालक, दूरचा मामा, नाहीतर नुसता पत्ता विचारायला आलेला माणूस. हाताशी मिनिटे मोजकी, म्हणून दारात उभे राहतानाच चाल, आवाज आणि भुवई यांतून माणूस कळावा लागतो. चरित्र अभिनेत्यांना हे साधते. मोठ्या नटांना क्वचितच.

दूरदर्शनच्या काळातले ठळक उदाहरण म्हणजे ‘ये जो है जिंदगी’ (1984). शफी इनामदार, स्वरूप संपत आणि राकेश बेदी घरचे. सतीश शाह मात्र दर भागात वेगळाच कुणीतरी होऊन यायचे. पाहुणा नवा, नट तोच. ‘ऑफिस ऑफिस’ने (2001) हीच युक्ती उलटी फिरवली. तिथे कचेरी बदलते, पण संजय मिश्रा, मनोज पाहवा, देवेन भोजानी, हेमंत पांडे आणि आसावरी जोशी आपापल्या खोडींसकट टेबलामागे बसलेलेच. ‘वागले की दुनिया’मध्ये (1988) शाहरुख खान एका भागात येऊन गेला. तो भाग आज शोधून पाहिला जातो, पण ती दाद नावाला आहे, कामाला नव्हे.

मुंबई दूरदर्शन 1972 साली सुरू झाले तरी खान्देशात घरोघरी टीव्ही दिसू लागला तो 1980 नंतरच्या दशकात. ओट्यावर गर्दी जमली ती या हिंदी मालिकांपुढे. पाहणारी नजर मात्र आधीच तयार होती. पोलिसाचा वेश करून दटावणारा आणि शेवटी ‘लग्नाला चला’ म्हणत हात पसरणारा बहुरूपी, तमाशातला सोंगाड्या, नंदुरबारकडच्या आदिवासी भागातल्या सोंगाड्या पार्ट्या: सगळीकडे गंमत एकच. वेशाने कुणी फसत नाही. आतला माणूस कोण हे माहीत असते आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, हसू येते. सतीश शाह दारात आले की खान्देशच्या अहिराणी बोलीत पडणारा प्रश्न ‘हाऊ कोन?’ (हा कोण?) हा नव्हे, तर ‘आज काय सोंग लई ऊना?’ (आज कोणते सोंग घेऊन आला?) हा. अभिनयाची याहून नेमकी पारख सहसा समीक्षेतही सापडत नाही.

अशा नटांची नावे प्रेक्षकांना बहुधा ठाऊक नसतात. ‘नुक्कड’मधले (1986) समीर खक्कर पाहुणे नव्हते, पण कडेच्या भूमिकेतले होते, त्या दारुड्याच्या नावावरून ते ‘खोपडी’च राहिले. पुढे ते दुसऱ्या कुठल्या चित्रपटात कुणीही होऊन आले, तरी ओट्यावरून हाक तीच: ‘दखा, खोपडी ऊना!’