दादा कोंडके दिग्दर्शक कसे झाले

दादा कोंडके म्हटलं की ढगळ अर्धी चड्डी, लोंबणारी नाडी आणि चावट संवाद आठवतात. त्या नाडीमागे त्यांच्यातला दिग्दर्शक झाकला गेला. १९७१ च्या 'सोंगाड्या'चे दिग्दर्शकही दादाच, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात दिग्दर्शन होतं गोविंद कुलकर्णींचं, दादा निर्माते आणि नायक होते. त्यांनी स्वतः दिग्दर्शन हाती घेतलं ते १९७५ मध्ये, 'पांडू हवालदार'पासून.

पण त्यांची शिकवणी त्याआधीच झाली होती. ८ ऑगस्ट १९३२ ला मुंबईत जन्मलेला हा कृष्णा कोंडके गिरणगावात वाढला. सेवादलाच्या कलापथकातून तो लोकनाट्यात आला. वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ मध्ये रंगमंचावर आलं आणि दादा घरोघरी पोचले. गण, गवळण, बतावणी, वग हा तमाशाचा जुना साचा. त्यातल्या बतावणीत, म्हणजे विनोदी संवादांच्या भागात, लिहिलेली संहिता म्हणजे नुसता सांगाडा असतो. हशा आला की वाक्य ताणायचं, नाही आला तर पुढे सटकायचं. प्रेक्षक कुठे हसतो हे दादांना रोज रात्री समोरच कळत होतं. कुठल्याही फिल्म इन्स्टिट्यूटला असं प्रशिक्षण देता आलं नसतं.

भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती'तून (१९६९) ते पडद्यावर आले. पुढे 'सोंगाड्या' दादरच्या कोहिनूर थिएटरात लागण्यावरून वाद झाला, तेव्हा बाळासाहेब ठाकरे पाठीशी उभे राहिले, हा किस्सा सगळ्यांना पाठ आहे.

दिग्दर्शक म्हणून त्यांचा कॅमेरा साधाच. माणसं चौकटीत समोरासमोर उभी करायची आणि बोलू द्यायचं. चतुराई सगळी संवादात. कागदावर वाक्य सोवळं, चावट अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात! सेन्सॉरच्या कात्रीला धरायला धागाच सापडू नये, अशी ती रचना. तरी खटके उडायचेच. उषा चव्हाण, आईच्या भूमिकेत रत्नमाला, राम-लक्ष्मण यांचं संगीत, महेंद्र कपूर यांचा आवाज अशी मंडळी पुन्हा पुन्हा दिसतात. तमाशाच्या फडाच्या मालकाने आपला संच सांभाळावा, तसं हे होतं. 'तुमचं आमचं जमलं', 'राम राम गंगाराम', 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' असे त्यांचे चित्रपट रौप्यमहोत्सव (पंचवीस आठवडे) करत गेले, आणि गिनीज बुकानेही त्याची दखल घेतली. पुढेपुढे मात्र द्व्यर्थ उरला आणि गोष्ट पातळ झाली, असं माझं मत. १९८० च्या दशकात ते हिंदीतही गेले. तिथे शब्द पोचले, पण गावाकडचा हेल मागे राहिला.

१४ मार्च १९९८ ला दादा गेले. त्याच्या बऱ्याच आधी मराठी विनोद गावाच्या पारावरून उठून शहरातल्या भाड्याच्या खोलीत राहायला गेला होता. त्या नव्या लाटेच्या अग्रभागी होते अशोक सराफ, म्हणजे 'पांडू हवालदार'मधला दादांच्या जोडीचा सखाराम हवालदार.