जळालेल्या कॅलरी लघवीतून कशा मोजतात?

‘तिशी ओलांडली की मेटाबॉलिझम मंदावतो, म्हणून वजन वाढतं’ हे इतक्या वेळा कानावर पडतं की त्याचा पुरावा कुणी मागतच नाही. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या अभ्यासाने तो मागितला. २९ देशांतली ६,४२१ माणसं त्यात होती. सर्वांत लहान ८ दिवसांचं बाळ, सर्वांत वयस्क व्यक्ती ९५ वर्षांची. शरीराचा आकार आणि चरबीचा वाटा हिशेबात धरल्यावर असं दिसलं की वर्षाच्या आसपासचं मूल प्रौढांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त ऊर्जा जाळतं. तिथून विशीपर्यंत हा वेग हळूहळू उतरतो. २० ते ६० या चाळीस वर्षांत तो जवळपास सपाट राहतो आणि साठीनंतर वर्षाला साधारण ०.७ टक्क्याने घसरतो. तिशीत काहीच घडत नाही. या वयात वजन वाढतंच, पण त्याचं खापर मंदावलेल्या चयापचयावर फोडता येत नाही.

हे आकडे कुणाला विचारून काढलेले नाहीत, आणि खरं महत्त्व त्यालाच आहे. पोषणशास्त्राचं सगळ्यात जुनं दुखणं हे की माणूस काय आणि किती खातो, हे बहुतेक वेळा त्यालाच विचारावं लागतं. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी ‘कमी खाऊनही वजन उतरत नाही’ अशी तक्रार असलेल्या १० लठ्ठ व्यक्तींची तपासणी केली. त्यांचा चयापचय ठीकठाक निघाला. मात्र नोंदवहीत लिहिलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी होतं आणि लिहिलेली शारीरिक हालचाल ५१ टक्के जास्त. ही माणसं खोटारडी होती असं समजायचं कारण नाही. वाढून घेतलेल्याचा अंदाज चुकतो, येता-जाता तोंडात टाकलेलं लक्षात राहत नाही, आणि नोंद ठेवायची म्हटलं की लिहिणंही आवरतं घेतलं जातं.

मग खरा आकडा कळतो कसा? दुहेरी खुणेच्या पाण्यातून. पोषण-संशोधनात याहून देखणी युक्ती क्वचितच असेल, म्हणून ती जरा सविस्तर.

पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक. या दोन्ही मूलद्रव्यांची जड भावंडं निसर्गात थोड्या प्रमाणात असतातच. हायड्रोजनच्या दर दहा लाख अणूंमागे सुमारे १५० ड्युटेरियमचे, तर ऑक्सिजनच्या दर दहा लाखांमागे सुमारे २,००० ऑक्सिजन-१८ चे. दोन्ही स्थिर समस्थानिकं आहेत, किरणोत्सारी नाहीत, त्यामुळे तान्ह्या बाळांना आणि गर्भवतींनाही हे पाणी देता येतं. ६० किलो वजनाच्या माणसाला १० टक्के ऑक्सिजन-१८ असलेलं सुमारे १०० ग्रॅम पाणी आणि जवळजवळ शुद्ध जड पाणी (ज्यात हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असतं) ७ ग्रॅमच्या आसपास, असं मिसळून पाजतात. शरीरातल्या ३०-३३ किलो पाण्यात ते काही तासांत एकजीव होतं. ड्युटेरियमचं प्रमाण दुपटीच्या थोडं वर जातं, तर ऑक्सिजन-१८ दहा लाखांत २,००० वरून साधारण २,३०० वर.

पुढचे दोन आठवडे या दोन खुणा शरीरातून बाहेर पडत राहतात, पण सारख्या वेगाने नाही. ड्युटेरियमला वाट एकच, ती पाण्याची: लघवी, घाम, श्वासातली वाफ. ऑक्सिजन-१८ याच वाटेने जातो, शिवाय त्याला आणखी एक दार आहे, कार्बन डायऑक्साइड. रक्तातल्या तांबड्या पेशींत कार्बनिक ॲनहायड्रेज नावाचं विकर असतं. ते कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याचं बायकार्बोनेट बनवतं आणि बायकार्बोनेटचं पुन्हा कार्बन डायऑक्साइड. त्याचा एक रेणू सेकंदाला लाखांच्या घरात अशा अदलाबदली उरकतो. या घुसळणीत पाण्यातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन इतके मिसळतात की उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवर शरीरातल्या पाण्याचीच खूण उमटते. मिनेसोटा विद्यापीठातल्या नेथन लिफसन यांनी १९४० च्या दशकात हे दाखवून दिलं. तोवर समज असा होता की तो ऑक्सिजन थेट श्वासातून घेतलेल्या हवेतला असतो.

एका टाकीला एक तोटी आणि दुसऱ्या तशाच टाकीला दोन तोट्या असाव्यात, तसं हे आहे. दोन्हींच्या उतरण्याच्या वेगातला फरक म्हणजे जास्तीच्या तोटीतून गेलेला माल. इथे तो माल म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि अन्न जळल्याची पावती तीच.

आता ढोबळ आकडेमोड. शरीरात ३३ किलो पाणी म्हणजे सुमारे १,८३० मोल (मोल हे अणू-रेणू मोजायचं रसायनशास्त्रातलं एकक). ड्युटेरियम दिवसाला १० टक्के या वेगाने घटलं आणि ऑक्सिजन-१८ १२ टक्के, तर फरक २ टक्क्यांचा, म्हणजे ३६.६ मोल. कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू, म्हणून दोनाने भागायचं: दिवसाला १८.३ मोल. मिश्र आहार घेणाऱ्या माणसात एक मोल कार्बन डायऑक्साइडमागे साधारण १२७ किलोकॅलरी मोकळ्या होतात. म्हणजे रोजचा खर्च २,३०० किलोकॅलरींच्या आसपास. प्रत्यक्ष सूत्रात आणखी दुरुस्त्या असतात. जड पाण्याची वाफ हलक्या पाण्याइतक्या सहज होत नाही, तिचा हिशेब वेगळा करावा लागतो. शिवाय ड्युटेरियम प्रथिनांतल्या हायड्रोजनशीही जागा बदलतं, त्यामुळे त्याला शरीरातलं पाणी खऱ्यापेक्षा सुमारे ४ टक्के जास्त भासतं. ऑक्सिजन-१८ च्या बाबतीत ही वाढ जेमतेम १ टक्का.

१२७ हा आकडाही सगळ्यांना सरसकट लावून चालत नाही. कर्बोदकं जळताना वापरलेल्या ऑक्सिजनइतकाच कार्बन डायऑक्साइड निघतो, गुणोत्तर १. चरबी जळताना ते ०.७ च्या जवळ येतं. मिश्र आहाराला ०.८५ धरतात. खरं गुणोत्तर ०.८० असताना ०.८५ धरलं, तर खर्च ५ टक्के कमी दिसतो. चरबीप्रधान आहाराच्या अभ्यासांत नेमकी हीच चूक निकाल फिरवू शकते.

प्रयोग दिसायला सोपा आहे. रात्रभर उपाशी राहून सकाळी लघवीचा पहिला नमुना द्यायचा, तो पाया. मग मोजून पाणी प्यायचं, बाटली साध्या पाण्याने खळबळून तेही प्यायचं. चार थेंब सांडले तरी पुढचा सगळा हिशेब वाकडा होतो. त्यानंतरची पहिली लघवी टाकून देतात, कारण मूत्राशयात खुणेआधीचं पाणी साठलेलं असतं. चार ते सहा तासांनी नमुने, मग सातव्या आणि चौदाव्या दिवशी. कुपीचं झाकण सैल राहिलं तर हलकं पाणी आधी उडतं आणि मागे उरलेल्यात जड समस्थानिकांचं प्रमाण फुगतं. मधल्या दिवसांत माणूस दूरच्या प्रदेशात जाऊन आला तरी घोटाळा, कारण पिण्याच्या पाण्यातलं मूळ प्रमाण जागेगणिक बदलतं आणि पायाच हलतो.

एवढं करून हाती येतो तो खर्च. वजन स्थिर असेल तर खाणंही तेवढंच, असं म्हणता येतं. पण १४ दिवसांत अर्धा किलो चरबी उतरली असेल, तर किलोमागे ७,७०० किलोकॅलरी धरून दिवसाला २७५ किलोकॅलरी शरीराच्या साठ्यातून आल्या. तेवढ्या खर्चातून वजा केल्यावरच खरं खाणं कळतं.

लिफसन यांनी १९५५ मध्ये ही पद्धत उंदरांवर मांडली, कारण माणसाला पुरेल एवढा ऑक्सिजन-१८ तेव्हा परवडणारा नव्हता. माणसांवरची पहिली खात्रीशीर चाचणी डेल शोलर यांनी १९८२ मध्ये केली. हे पाणी आजही महागच आहे. पेट स्कॅनसाठी लागणारं फ्लोरिन-१८ त्यापासूनच बनतं, त्यामुळे मागणी मोठी. म्हणून एकेक अभ्यास छोटा असतो, आणि २०२१ च्या अभ्यासासाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या संग्रहात जमा झालेली जगभरची मोजमापं एकत्र करावी लागली.

‘चयापचय वाढवणारी’ पेयं, काढे आणि गोळ्या विकणाऱ्यांना विचारायचा प्रश्नही इथेच सापडतो. दोन आठवड्यांच्या दुहेरी खुणेच्या मोजमापात रोजचा खर्च किती किलोकॅलरींनी वाढला? तो आकडा दाखवला जात नाही, तोवर दाव्याला किंमत नाही. मनगटावरच्या घड्याळातला कॅलरींचा आकडाही नाडी आणि हालचालीवरून बांधलेला अंदाज आहे, मोजमाप नव्हे. मैलोन्‌मैल चालणाऱ्या टांझानियातल्या हाद्झा शिकारी-संकलकांचा रोजचा एकूण खर्च, शरीराचा आकार जुळवल्यावर, पाश्चात्त्य शहरवासीयांइतकाच निघाला. २०१२ सालचा हा निष्कर्ष कुठल्याही घड्याळाने सांगितला नसता.

दुहेरी खुणेचं पाणी एकूण ऊर्जा सांगतं, ती कशातून आली हे सांगत नाही. प्रथिनांसाठी दुसरी वाट आहे. प्रथिनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो आणि खाल्लेल्या नायट्रोजनपैकी सुमारे ८० टक्के लघवीतून बाहेर पडतो. म्हणून २४ तासांची सगळी लघवी गोळा करायची, त्यातला नायट्रोजन ०.८ ने भागायचा आणि ६.२५ ने गुणायचा. एखादी वेळ बाटलीत न धरता तशीच गेली का, हे ओळखण्यासाठी दिवसातून तीनदा ८० मिलिग्रॅम पॅरा-अमिनोबेन्झॉइक आम्लाची गोळी देतात. ते जवळजवळ सगळं लघवीतच उतरतं. ८५ टक्क्यांपेक्षा कमी सापडलं, तर तो दिवस अपुरा धरतात. सोडियम-पोटॅशियमलाही हाच मार्ग चालतो. चरबीला मात्र नाही. ती जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते किंवा अंगात साठते, आणि किती खाल्ली होती याची भरवशाची खूण लघवीत ठेवत नाही. तिथे संशोधकांपुढे दोनच पर्याय उरतात: माणसाला आठवडाभर बंदिस्त कक्षात ठेवून प्रत्येक ताट तोलायचं, नाहीतर त्याच्या नोंदवहीवर विश्वास ठेवायचा.